चार हजार एकशे तीन

हॅकल क्रीकच्या चर्चच्या मंडळीत ग्रीक कुणालाच येत नव्हतं, पण ग्रीक शब्दांचे नंबर बऱ्याच जणांना तोंडपाठ होते. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, जाडजूड कोशात प्रत्येक ग्रीक शब्दाला एक नंबर दिलेला असतो. तो शोधायचा, मागच्या पानांत त्याचा अर्थ बघायचा, आणि बुधवारी संध्याकाळच्या वर्गात उभं राहून घसा खाकरून म्हणायचं, "मूळ ग्रीकमध्ये..." एवढं म्हटलं की समोरची माणसं पेनांची टोपणं काढत. व्हर्लन स्टब्सने चाळीस वर्षं पशुखाद्याच्या गिरणीत मुकादमी केली होती आणि तीस वर्षं मंडळीला ग्रीक सांगितलं होतं. दोन्हीकडे त्याचा शब्द शेवटचा असे.

जूनच्या दुसऱ्या बुधवारी त्याने फळ्यावर ४१०३ हा आकडा लिहिला आणि तिसऱ्या बाकावर बसलेल्या ऑरिन हॅडकने काढलेलं टोपण परत पेनाला लावलं. अकरा वर्षांपूर्वी हाच आकडा त्याने याच फळ्यावर, याच हस्ताक्षरात पाहिला होता. तेव्हापासून त्याने आपल्या मुलाबरोबर एक घाससुद्धा खाल्ला नव्हता.

"पिस्तोस," व्हर्लन म्हणाला. "मंडळीच्या वडिलाची मुलं पिस्तोस असली पाहिजेत, असं प्रेषित पौल तीताला पत्रात कळवतो. आता पिस्तोस म्हणजे काय? मूळ ग्रीकमध्ये पहिला अर्थ आहे, भरवशाचा. शब्दाला जागणारा. बापाचा मान राखणारा, वाया न गेलेला मुलगा." मग जरा थांबून म्हणाला, "किंवा मुलगी."

"मागच्या खेपेला दुसरा अर्थ होता ना?" मागच्या बाकावरून डेल्बर्टने विचारलं. मंडळीत पियानो वगैरे पाप चालत नसल्यामुळे गाण्यांचा सूर धरून देण्याचं काम डेल्बर्टकडे होतं, आणि बेसूर काही कानावर आलं की त्याला राहवत नसे. "विश्वास ठेवणारा, असा. मी लिहून घेतलं होतं."

"अभ्यास पुढे जात असतो, ब्रदर डेल्बर्ट."

"ग्रीक मेलेली भाषा आहे असं ऐकलं होतं."

"मेलेली आहे. पण तिचं सगळं अजून उरकलेलं नाही," व्हर्लन म्हणाला आणि त्याने आकड्याखाली रेघ मारली.

मंडळीत कुणी हसलं नाही. व्हर्लन स्वतःच मंडळीचा वडील होता, आणि रेघ कशासाठी आहे ते सगळ्यांना माहीत होतं. व्हर्लनच्या मुलीने, मार्लाने, फेब्रुवारीत नॅशव्हिलहून बापाला कळवलं होतं की तिचा आता कशावरच विश्वास उरलेला नाही. ही गोष्ट व्हर्लनने कुणालाही सांगितली नव्हती, त्यामुळे ती आठवडाभरात सर्वांना कळली होती.

मान न वळवता सगळी मंडळी ऑरिनकडे बघू लागली. ही कला तिथे पिढीजात आहे.

अकरा वर्षांपूर्वी व्हर्लन, ऑरिन आणि म्हातारा फ्लॉइड असे तिघे मंडळीचे वडील होते, म्हणजे कारभार त्यांच्या हातात होता. त्या वसंतात ऑरिनचा मुलगा लायल स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "डॅडी, मी आता रविवारी येणार नाही. माझा यातल्या कशावर विश्वास नाही आणि मला खोटं गाता येत नाही." शिवी न देता, दारू न पिता, हळू आवाजात म्हणाला. ऑरिनला ते जास्त लागलं. शिवी दिली असती तर माफ तरी करता आलं असतं.

त्यानंतर व्हर्लनने सलग चार बुधवार ४१०३ शिकवला. पिस्तोस म्हणजे विश्वास ठेवणारा, आणि ज्याचा मुलगा विश्वास ठेवत नाही त्याला मंडळीचा वडील राहता येत नाही. मात्र बापाने स्वतः पुढाकार घेऊन मुलाची संगत तोडली, तर तो मुलगा त्याच्या घरातला धरायचा की नाही यावर विचार होऊ शकतो, असंही तो म्हणाला. ऑरिनने पुढाकार घेतला. संगत तोडण्याचं पत्र रविवारी मंडळीपुढे वाचलं गेलं. खाली तिघांच्या सह्या, पहिली ऑरिनची. अशा माणसाबरोबर जेवूसुद्धा नये असं वचन आहे, ते पत्रात होतंच. मग तीन आठवडे विचार झाला आणि असं निघालं की संगत तोडली तरी मुलगा तो मुलगाच. ऑरिन पायउतार झाला. पद गेलं, पत्र राहिलं.

तीन वर्षांपूर्वी ऑरिनची बायको अर्लीन वारली. लायल दफनाला आला, मागे उभा राहिला. दफनानंतर मंडळीच्या जेवणाच्या खोलीत नेहमीप्रमाणे बायकांनी टेबलं लावली होती. हॅम, घेवड्याच्या शेंगा, भरलेली अंडी, केळ्याचं पुडिंग. आता लायलला आत बसवलं तर सत्तर माणसं एकदम वचन मोडणार, आणि उपाशी पाठवलं तर आईच्या दफनाच्या दिवशी बरं दिसणार नाही. व्हर्लनच्या बायकोने, जोएटाने, मार्ग काढला. तिने कागदी थाळी भरली, वर फॉइल लावलं आणि दारात त्याच्या हातात देऊन म्हणाली, "वाटेत खा हं, राजा." लायल वाटेत गेलाच नाही. त्याने बाहेरच्या खडीवर आपल्या ट्रकला टेकून, उभ्यानेच सगळी थाळी संपवली. ऑरिन खिडकीसमोर बसला होता. कुणीतरी सारखं त्याच्या पानात पुडिंग वाढत होतं.

म्हणून त्या बुधवारी सगळ्यांना वाटलं की आता ऑरिनची पाळी. फ्लॉइड जानेवारीत गेल्यामुळे व्हर्लन एकटाच वडील उरला होता, आणि एकटा वडील शास्त्रात बसत नाही. महिनाअखेर मंडळीसमोर नव्याने नावं येणार होती. नियम असा की कुणाच्या नावाला हरकत असेल तर ती लेखी, सहीनिशी आणि शास्त्रवचनासह द्यायची. ऑरिनपाशी व्हर्लनच्याच अक्षरातली जुनी पाच पानी टिपणं होती. ती नुसती पाकिटात घातली असती तरी व्हर्लनचा निकाल लागला असता.

लोकांना वाटत होतं त्याला सूड हवा आहे. सूड परवडला असता. ऑरिनची अडचण निराळी होती. त्याला तो शब्द कडकच राहायला हवा होता. कडक राहिला तर अकरा वर्षं निदान कशासाठी तरी गेली असं म्हणता येत होतं. मऊ झाला तर खिडकीतून दिसलेल्या त्या थाळीला काही नावच उरत नव्हतं.

घरी येऊन त्याने कोश खाली काढला. अकरा वर्षांत तो उघडला नव्हता. ४१०३ च्या पानात एक जाड कार्ड खुणेला ठेवलेलं होतं. धरणापलीकडच्या गावातल्या केशकर्तनालयाचं कार्ड, ज्यावर पुढच्या वेळेची तारीख लिहून देतात. तारखांच्या सगळ्या ओळी कोऱ्या होत्या. अर्लीन दर दुसऱ्या गुरुवारी केस करून घ्यायला म्हणून चाळीस मैल गाडी चालवत जायची. परत यायची तेव्हा केस जसेच्या तसे. ऑरिनला वाटे, बायकांचं काय सांगावं. धरणापलीकडे लायल राहत होता, हे त्याला माहीत होतं. पण माहीत असणं आणि कळणं यांच्यात त्याने आठ वर्षं चांगलं अंतर राखलं होतं.

पानावर पहिल्या अर्थाखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती, त्याने न मारलेली. भरवशाचा.

शुक्रवारी दुपारी व्हर्लन भांडंभर पीचचा कॉबलर, फळं घालून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आला.

"जोएटाने दिलाय. गरम आहे."

"बस."

"बसतो. गुडघ्याचं मात्र विचारू नकोस."

"नाही विचारत."

"उजवा फारच ठणकतो." व्हर्लन ओसरीवरच्या खुर्चीत हळूहळू उतरला. "तू पाकीट देणार आहेस म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळी मंडळी म्हणते. डेल्बर्टने तर पोस्टाचं तिकीट लागतं का तेही विचारलं."

"मग पायउतार हो ना. मी झालो होतो."

"आणि कारभार कोण बघणार? पुरुषांची बैठक? मागे त्यांना गालिच्याचा रंग ठरवायला चौदा महिने लागले, ऑरिन. आणि शेवटी गालिचा घेतलाच नाही." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बघ तूच. डेल्बर्टला मूलबाळ नाही. वेंडेलचं लग्न दुसरं, आणि पहिली बायको अजून जिवंत आहे."

"ल्यूथर?"

"बहिरा आहे."

"बहिरेपणाविरुद्ध शास्त्रात काही नाही."

"त्याची बायको प्रवचनात हसते."

"हो, ते आहे," ऑरिनला कबूल करावं लागलं.

"तूच उरतोस. म्हणून तर आलो. मी आणि तू. पूर्वीसारखं."

ऑरिनने हे अपेक्षिलं नव्हतं. काहीतरी उबदार, लाज वाटावी इतकं उबदार, त्याच्या छातीत हललं. अकरा वर्षं तो प्रभुभोजनाच्या ताटल्या धुण्याचं काम करत होता. वडिलांच्या खोलीतून त्याला आवाज येत, मग ते दार लावून घेत.

"आणि लायल?" त्याने विचारलं.

"लायल भरवशाचा आहे. स्वतःचं गॅरेज आहे, एकच बायको आहे, कुणाचं काही बुडवलेलं नाही. बिअर किती पितो?"

"मला काय ठाऊक? अकरा वर्षांत त्याच्याबरोबर पाणी नाही प्यायलो मी."

व्हर्लनने टोपी डाव्या गुडघ्यावरून उजव्यावर नेली.

"म्हणजे आज जो अर्थ आहे तो तेव्हा धरला असता तर मला त्याच्याबरोबर जेवता आलं असतं," ऑरिन म्हणाला.

"तेव्हा जेवढं कळत होतं तेवढ्यावर आपण चाललो."

"पहिला अर्थ तेव्हाही पहिलाच होता, व्हर्लन. नंबर तोच, पान तेच."

"तुझ्याकडेही कोश होता," व्हर्लन शांतपणे म्हणाला.

रस्त्यावरून गवताचे भारे लादलेला ट्रॅक्टर गेला. दोघांनीही चालवणाऱ्याला हात केला.

"ते पत्र मागे घेशील?" ऑरिनने विचारलं.

"मागे कशाला? नवा अर्थ धरला की ते आपोआप पडलं. मंडळीसमोर काढलं तर उगाच सह्या वगैरे निघतील." व्हर्लन उठला. उठायला त्याला तीन प्रयत्न लागले. "तू एक कर. त्याच्याकडे एकदा जेवून ये. नावं वाचायच्या आधी. म्हणजे बापलेकांचं बरं आहे, घर ताब्यात आहे, असं लोकांना दिसेल. आणि भांडं परत पाठव, जोएटाचं आवडतं आहे ते."

शनिवारी सकाळी ऑरिनने फोन केला. नंबर त्याला शोधावा लागला नाही. अर्लीनने तो भिंतीवर, कॅलेंडरच्या मागे, लिहून ठेवला होता आणि दरवर्षी नव्या कॅलेंडरमागे त्याच जागी तो तसाच राही.

"कोण गेलं?" लायलने विचारलं. मागे हवा भरण्याच्या यंत्राचा आवाज येत होता.

"कुणी नाही."

"मग?"

"जेवायला येऊ का, म्हणून विचारत होतो."

यंत्र बंद झालं. "पिंटो बीन्स आहेत," लायल म्हणाला. "बारा वाजता."

लायलच्या बायकोला शनिवारी कामावर जावं लागे, त्यामुळे घरात दोघंच होते. स्वयंपाकघर नीटनेटकं होतं. टेबलाला चार खुर्च्या, त्यांतल्या एकीवर फुलाफुलांची चपटी उशी. ऑरिन त्या खुर्चीकडे निघाला.

"ती नको," लायल म्हणाला. "ती आईची. पाठीसाठी ठेवली होती."

ऑरिन दुसऱ्या खुर्चीवर बसला. लायलने बीन्स, कॉर्नब्रेड आणि चिरलेला कांदा पुढे ठेवला. ऑरिनचं डोकं सवयीने खाली गेलं, ओठ हलायला लागले, मग घर कुणाचं आहे ते आठवून थांबले.

"म्हणा ना," लायल म्हणाला. "आई म्हणायची. बीन्सना काही होत नाही."

ऑरिनने मनातल्या मनात प्रार्थना म्हटली. ती नीट आठवेना.

"मार्लाने फोन केला होता मला," लायल म्हणाला. "फेब्रुवारीत. विचारत होती, संगत तोडतात म्हणजे नक्की काय करतात. म्हटलं, गाडीत काटा-चमचा ठेवत जा. उभ्याने पुडिंग खाताना फार पंचाईत होते." तो हसला. मग हसू आवरून त्याने कॉर्नब्रेडची थाळी बापाकडे सरकवली. "तिला तोडलं नाही अजून. म्हणजे अर्थ बदलला असणार. कुठला नंबर?"

"तोच."

"वाटलंच."

बीन्स अर्लीन करायची तसे होते, डुकराचं हाड घालून, सावकाश शिजवलेले. ऑरिनला भूक लागली होती आणि त्याची त्याला चीड येत होती.

"एक विचारू, डॅडी? मार्लाचं झालं नसतं, तर आला असता?"

ऑरिनने उत्तर शोधलं. त्याला मिळालं होतं ते देण्यासारखं नव्हतं.

"मी तेव्हा कोश उघडला होता," तो शेवटी म्हणाला. "पत्रावर सही करण्याच्या आदल्या दिवशी. दोन्ही अर्थ वाचले. पहिला पहिल्यांदा वाचला. मग पुस्तक मिटलं." चमचा खाली ठेवून तो म्हणाला, "तुझा राग आला होता मला. आणि पद जाऊ नये असं वाटत होतं. व्हर्लनने काही सांगितलं म्हणून नाही."

"ठाऊक आहे. आई म्हणाली होती."

"तिला काय ठाऊक?"

"तुमचा चष्मा विसरला होता, तो घेऊन ती दाराशी आली होती. तुम्ही पुस्तक हातभर लांब धरून वाचत होता म्हणे. मग मिटलंत. तिला वाटलं, चष्मा नव्हता म्हणून नीट वाचता आलं नाही, असं तरी तुम्ही कधी म्हणाल. बरीच वर्षं वाट बघितली तिने." लायलने पातेलं पुढे ओढलं. "आणखी घ्या. मी काही त्यासाठी सांगत नाहीये. दारात आलेल्या माणसाला मी विचारून वाढत नाही."

ऑरिनने आणखी घेतले. निघताना लायल गाडीपर्यंत सोडायला आला. बापाच्या इंजिनाचा पट्टा कुरकुरतो हे त्याच्या लक्षात आलं. त्याने हूड उघडून तो जागच्या जागी घट्ट केला आणि हात पँटला पुसले.

"पुन्हा यावंसं वाटलं तर या," तो म्हणाला. "फक्त फोन करताना एवढं सांगा, की रविवारी मंडळीत काही ठरायचं आहे का. काही ठरायचं नसेल तेव्हाच या."

ते चाळीस मैल ऑरिनने रेडिओ न लावता काढले. घरी आल्यावर त्याने व्हर्लनची पाच पानी टिपणं चुलीजवळच्या खोक्यात टाकली आणि एक कोरा कागद घेतला. त्यावर लिहिलं, की ऑरिन हॅडक याच्या नावाला माझी हरकत आहे. मुलगा भरवशाचा हवा अशी अट आहे आणि मुलगा तसा आहे. बाप तसा नाही. त्याने पाहिलेला अर्थ लपवला आणि मुलाला ट्रकजवळ जेवू घातलं. खाली सही केली. ऑरिन हॅडक. अकरा वर्षांत एवढं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

बुधवारी वर्गाआधी त्याला वडिलांच्या खोलीत बोलावलं. दार उघडं ठेवलं होतं. टेबलापलीकडे व्हर्लन होता, आणि बाजूला मंडळीचा तरुण उपदेशक ब्राइस, ज्याची नेमणूक दरवर्षी नवी होत असल्यामुळे तो कायम खुर्चीच्या कडेवर बसत असे. व्हर्लनने कागद दोनदा वाचला.

"वचन कुठलं लावलंयस?"

"वचन नाही."

"हरकत वचनासहित हवी. ब्राइस, बघा बरं."

वडिलाला कोणकोणत्या अटी लागतात याच्या शास्त्रात दोन याद्या आहेत. ब्राइसने दोन्हींवरून बोट फिरवलं. त्याचे कान लाल झाले होते. "मद्यपी नसावा. मारकुटा नसावा. पैशाचा लोभी नसावा. मुलांना ताब्यात ठेवणारा असावा," तो पुटपुटला. "बापाने मुलांशी भरवशाचं असावं असं... नाही, ब्रदर ऑरिन. दोन्हींत नाही. सॉरी."

"यातलं एखादं लिहिलं असतंस तर विचार केला असता," व्हर्लन म्हणाला. त्याच्या आवाजात खोडी नव्हती, हेच वाईट होतं. "कुणाला मारलंयस का कधी?"

"नाही."

"मग ही शास्त्राला धरून हरकत होत नाही." त्याने कागदाची घडी घातली आणि खणात ठेवली. खण मिटताना ऑरिनला खाली एक जुना कागद दिसला, तीन सह्यांचा. "हे बघ ऑरिन. तुला नकोच असेल तर त्याला मात्र वचन आहे. पहिलीच अट, इच्छा असली पाहिजे. रविवारी मी नावं वाचेन, मग क्षणभर थांबेन. उभा राहा आणि म्हण, नको. कुणी कारण विचारणार नाही. तुझ्याबरोबर मीही पायउतार होईन, एकटा राहून तरी काय करू? पण म्हणायचं तूच."

"म्हणेन."

"ठीक. आणि भांडं?"

"गाडीत आहे."

रविवारी दाराशेजारच्या लाकडी फळीवर हजेरी एकाहत्तर होती, गेल्या रविवारपेक्षा नऊने जास्त. एखादी गोष्ट घडणार असली की हॅकल क्रीकला भक्ती वाढते. दुसऱ्या बाकावर जोएटाशेजारी निळ्या पोशाखात मार्ला बसली होती, बापाचा मान राखण्यासाठी नॅशव्हिलहून आलेली.

व्हर्लनने दोन नावं वाचली. मग म्हणाला, "शास्त्राला धरून एकही हरकत आलेली नाही." हे शब्दशः खरं होतं. मग सांगितल्याप्रमाणे तो थांबला.

ऑरिनने दोन्ही हात पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवले. भार गुडघ्यांवर घेतला. नको, हा एकच शब्द होता, त्याला नंबर नव्हता, दुसरा अर्थ नव्हता. व्हर्लन थांबला होता, घड्याळाकडे न बघता थांबला होता, आणि ऑरिनच्या मनात आलं, गालिचा आपण तपकिरी घ्यायला हवा होता. बैठकीत कुणी ऐकलं नाही. आता ऐकतील. एवढंच मनात आलं. तेवढ्यात डेल्बर्टने सूर दिला आणि गाण्यासाठी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं.

ऑरिन उभा राहिला. एकाहत्तर माणसं उभी राहिली. त्याचं उभं राहणं त्यात वेगळं दिसायला काही मार्ग नव्हता. त्याने खालचा सूर धरला, चांगला लागला.

नंतर जेवणाच्या खोलीत खिडकीसमोरची त्याची जुनी खुर्ची त्याला मिळाली. शेजारी मार्ला आली, कारण तीच एक जागा रिकामी होती. तिच्या पानात तीन भरलेली अंडी होती आणि एका माणसानेही तिला उठायला सांगितलं नव्हतं.

"लायल कसा आहे?" तिने विचारलं.

"बीन्स चांगले करतो."

"तुम्ही जेवलात त्याच्याकडे?" तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, डोळे जरा भरून आले. "मग सगळं सार्थकी लागलं म्हणायचं."

ऑरिनने तिच्याकडे पुडिंग सरकवलं. बाहेर खडीवर, लायलचा ट्रक होता त्या जागी, जोएटाची गाडी उभी होती.

त्यानंतर दर दुसऱ्या गुरुवारी, सकाळची कामं आटोपली की ऑरिन फोनपाशी जाई. कॅलेंडर उचलून मागचा नंबर बघे. मग पुढच्या बाजूने त्या आठवड्याचा रविवार बघे. वडील म्हणून निवडून आल्यापासून एकही रविवार असा गेला नाही की ज्या दिवशी काही ठरायचं नव्हतं.